पेशी : कापसातली, कोळशातली आणि रक्तातली

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पेशीवर लेख लिहावा, हे माझ्या वर्गमित्रांना चमत्कारिक वाटले. "अरे, जीएसटीवर लिही, नाहीतर शेअर बाजारावर लिही, पेशी ही सायन्सवाल्यांची मिरास," असा सल्ला मला मिळाला. सल्ला रास्त आहे. दहावीनंतर मी विज्ञानाच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. दहावीतही पेशीच्या प्रश्नाला मी दोन आकृत्या शेजारी शेजारी काढल्या होत्या आणि बाणांपुढची नावे पाठ केली होती. वनस्पतिपेशी चौकोनी, प्राणिपेशी वाटोळी. एकीला भिंत, दुसरीला नाही. एकीत हरितलवके, दुसरीत नाहीत. पाचपैकी पाच गुण. त्या पाच गुणांची खरी किंमत गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला कळली, म्हणून हा लेख. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी चुकेल तेथे माझा कान धरावा.

माझे मामा मंचेरियलला असतात. हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. सोलापूरहून सिकंदराबाद, तेथून काजीपेठ, आणि मग बल्लारशाहकडे निघालेली गाडी. रामगुंडमच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून गाडी गोदावरीचा पूल ओलांडते आणि मंचेरियल येते. एका बाजूला सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला कापसाची शिवारे आणि त्यांच्या मागे सागाचे जंगल. मामा तेथे एका जिनिंगवर मुनीम आहेत. दिवाळीत कापसाचा हंगाम भरात असतो, त्यामुळे माझी सुट्टी पावत्या लिहिण्यात जाते. आमच्या विषयाचे हे प्रात्यक्षिकच म्हणा.

त्या जिनिंगवर माझ्याच वयाचा एक मुलगा सरकी भरण्याचे काम करतो. घरी गोंडी, बाजारात तेलुगू, आणि आजी प्राणहितेपलीकडची, अहेरीकडची, म्हणून मराठीही बरी बोलतो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक कार्ड काढले. सरकारी तपासणीत मिळालेले. त्यावर त्याच्या नावापुढे 'ए एस' अशी अक्षरे होती. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही कॉलेजात शिकता. हे काय आहे ते सांगा. घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय." त्याच्या धाकट्या बहिणीला सिकल सेलचा आजार आहे, एवढे त्याला ठाऊक होते.

मी कार्ड उलटेपालटे केले आणि मोठ्या रुबाबात सांगितले, "म्हणजे तुलाही तोच आजार आहे. लग्न जरा लांबव." तो काही बोलला नाही. कार्ड पुन्हा गुंडाळून सरकीच्या ढिगाकडे निघून गेला.

रात्री हे मी जेवताना सांगितले, तेव्हा बारावी सायन्सला असलेल्या माझ्या मामेबहिणीने ताटावरून मान वर केली. "दादा, 'ए एस' म्हणजे आजारी नव्हे, वाहक. तू त्याला चुकीचं सांगितलंस." मी चपापलो. दुसऱ्या दिवशी तो मुलगा कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग संध्याकाळी मी बहिणीची पुस्तके घेऊन बसलो. पेशी म्हणजे काय, इथपासून.

पहिली अडचण शब्दांची. माझे विज्ञान मराठीत झालेले, तिची पुस्तके तेलुगूत आणि इंग्रजीत, आणि घरात आमचे बोलणे कन्नडात. मराठीत आपण 'पेशी' म्हणतो; हिंदीत पेशी म्हटले की स्नायू समजतात. कन्नडात 'जीवकोश', तेलुगूत 'कणम'. पण खरी गंमत एका शब्दात आहे. वनस्पतिपेशीच्या मध्यभागी पाण्याने भरलेली जी मोठी पिशवी असते, तिला मराठी पुस्तकात 'रिक्तिका' म्हणतात, म्हणजे रिकामी जागा. कन्नड पुस्तकात तिलाच 'रसदानी' म्हणतात. शाळेत मी खरोखरच असे समजत होतो की रिक्तिकेत काही नसते. आकृतीत मी ती कोरी सोडत असे. पिकदाणी, गुलाबदाणी, तशी रसदानी! हा शब्द मला आधी भेटला असता, तर पुढचा बराच घोटाळा टळला असता. ही तक्रार आपल्या अंकाच्या मराठी विभागात करतो आहे, कन्नड विभागाच्या संपादकांनी हसू नये.

आता कापसापासून सुरुवात करू, कारण तो माझ्या ओळखीचा. (आमच्या घरी कापसाला 'हत्ती' म्हणतात. लहानपणी मामा हत्तीच्या गासड्या मोजतात हे ऐकून माझे शाळासोबती तोंडात बोटे घालीत.) कापसाचा एक तंतू घ्या. अडीच-तीन सेंटिमीटर लांब, आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. हा तंतू म्हणजे अनेक पेशींची दोरी असेल असे कुणालाही वाटेल. तसे नाही. हा संपूर्ण तंतू म्हणजे एक पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास फुगते, आणि मग दोन-तीन आठवडे सतत लांब होत जाते. एका सरकीवर असे सुमारे पंधरा हजार तंतू असतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, चिमटीत धरून पाहता येईल अशी पेशी शोधायची तर जिनिंगइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. शाळेत मात्र आम्ही एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकापुढे साठ मुले रांग लावून कांद्याचा पापुद्रा पाहत होतो, आणि माझी पाळी येईपर्यंत तास संपला होता.

ही पेशी लांबते कशी? येथे ती 'रिकामी' जागा कामाला येते. रसदानीत साखर, पोटॅशियम वगैरे द्रव्ये साठतात, त्यांच्यामागे पाणी आत शिरते, पिशवी फुगते आणि चारी बाजूंनी पेशीच्या भिंतीवर दाब देते. भिंत अजून कोवळी असते, ती ताणली जाते. ज्या वर्षी बोंडे भरताना पाण्याचा ताण पडतो, त्या वर्षी हा दाब कमी पडतो आणि धागा आखूड राहतो. धाग्याच्या लांबीवर भाव ठरतो हे मी पावतीत लिहीत होतो. पण लांबी म्हणजे रसदानीच्या दाबाचा हिशेब, हे मला मामेबहिणीच्या पुस्तकात समजले.

लांबी पूर्ण झाली की दुसरे काम सुरू होते. पेशीच्या बाहेरून भिंत, हे खरे. पण भिंतीला लागून आत एक पातळ पडदा असतो, त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. हा पडदा वनस्पतीत असतो तसा प्राण्यांतही असतो. आकृतीत आपण भिंत ठळक काढतो आणि पडदा विसरतो. काय आत घ्यायचे, काय बाहेर जाऊ द्यायचे, हे भिंत ठरवीत नाही, पडदा ठरवतो. कापसाच्या पेशीत या पडद्यातच सेल्युलोज विणणारी प्रथिनांची यंत्रे बसवलेली असतात. ही यंत्रे तयार होतात आंतर्द्रव्यजालिकेवर, तेथून गॉल्जी पिंडात जातात, आणि तेथून पुड्यांत बांधून पडद्याकडे पाठवली जातात. ती पडद्यात बसली की साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून सेल्युलोजचे धागे बाहेर सोडतात, थरावर थर. आडवा छेद घेतला तर झाडाच्या खोडात वर्षाची वलये दिसतात तशी येथे दिवसाची वलये दिसू शकतात.

ही साखर कोठून येते? पानातून. हरितलवके पानाच्या पेशीत असतात; कापसाच्या तंतूत हिरवे काही नसते, मुळांतही नसते. 'वनस्पतिपेशीत हरितलवके असतात' हे माझे पाठ केलेले वाक्य म्हणजे 'सोलापूरकर चादर विणतात' म्हणण्यासारखे आहे. काही विणतात, बाकीचे दुसरे काही करतात. आणि वनस्पतीला हरितलवके आहेत म्हणून तंतुकणिका नाहीत, असेही कुणी समजू नये. हरितलवक साखर तयार करते, तंतुकणिका ती साखर जाळून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा काढते. माल तयार करणे वेगळे, तो वटवून रोकड हाती घेणे वेगळे. झाडाला दोन्ही करावे लागते. आपल्याला फक्त दुसरे, कारण पहिल्यासाठी आपण झाडावर उधारीने जगतो. या रोकडीला ए.टी.पी. म्हणतात. ती फार साठवता येत नाही, सतत फिरवावी लागते. माणूस दिवसभरात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकी ए.टी.पी. तयार करतो आणि खर्च करतो. चलनाच्या फिरतवेगाचा धडा आम्हाला अर्थशास्त्रात आहे; त्याला इतके चांगले उदाहरण आमच्या पुस्तकात नाही.

बोंड फुटते तेव्हा ही पेशी मरते. आतला रस वाळतो, केंद्रक, पेशीद्रव्य सगळे आटून जाते, आणि पोकळ नळी चपटी होऊन पीळ खाते. तो पीळ आहे म्हणून सूत कातता येते. म्हणजे आपण अंगावर घालतो ती वनस्पतिपेशीची नुसती भिंत, नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध सेल्युलोज. भिंत भरण्याआधीच झाड वाळले किंवा बोंड लवकर तोडले, तर तंतू कच्चा राहतो; त्याच्या गुठळ्या होतात आणि रंग नीट बसत नाही.

आणि या भिंतीला मेल्यावरही तहान असते. सेल्युलोज हवेतले पाणी धरून ठेवते. जिनिंगच्या दारात रोज जे भांडण ऐकू येते ते या तहानेचे. कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर सीसीआय माल घेत नाही. शेतकरी पहाटे गाडी भरतो तेव्हा दव पडलेले असते. त्याला दुपारी चारपर्यंत उन्हात गाडी उभी ठेवायला कुणी शिकवावे लागत नाही. पेशीभित्तिका हा शब्द त्याने ऐकलेला नसेल, पण तिच्या स्वभावाची नोंद त्याच्या वहीत दरवर्षी पैशांत होत असते.

मग मी केंद्रकाकडे वळलो. पेशीत कोणते प्रथिन केव्हा तयार करायचे याच्या सूचना केंद्रकात डीएनएच्या रूपाने असतात, हे आपण सर्वांनी वाचले आहे. पण ते पटले बीटीमुळे. मातीत राहणारा एक जिवाणू अळ्यांना मारणारे प्रथिन तयार करतो. त्या प्रथिनाची सूचना, म्हणजे जनुक, कापसाच्या पेशीच्या केंद्रकात नेऊन बसवले. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, आणि आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे. जिवाणूच्या चोपडीतला उतारा झाडाच्या चोपडीत चिकटवला, आणि झाडाच्या रायबोसोमांनी कोणतीही कुरकूर न करता तो वाचून तेच प्रथिन तयार केले. जिवाणू असो, कापूस असो, माणूस असो, चोपडीची लिपी एकच आहे! कन्नड, तेलुगू, मराठी अशा तीन लिप्यांत अडखळणाऱ्या माझ्यासारख्याला याचा हेवा वाटला.

आता अळीच्या पोटात काय होते ते पाहा, कारण वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांतला फरक येथे लख्ख दिसतो. अळीने पान खाल्ले की ते प्रथिन तिच्या आतड्याच्या पेशींपर्यंत पोहोचते. त्या पेशींच्या पडद्यावर काही विशिष्ट कड्या असतात. प्रथिन त्या कडीला अडकते आणि पडद्याला भोके पाडते. बाहेरचे पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि फुटते. फुटते, कारण प्राणिपेशीला भिंत नाही. कापसाच्या पेशीत पाण्याचा दाब किती तरी जास्त असतो, तरी ती फुटत नाही, उलट त्याच दाबावर वाढते. प्राण्याने भिंत सोडून दिली म्हणून तो चालू शकतो, वाकू शकतो, रक्त वाहवू शकतो. आणि त्याच व्यवहारात त्याने हा धोका पदरी घेतला. गुलाबी बोंडअळीने पुढे यातूनही वाट काढली. तिच्यात कडीच बदललेल्या अळ्या निपजल्या. विष अडकायला जागाच नाही. देशाच्या अनेक भागांत आज ती बीटी बोंडे बिनधास्त पोखरते, आणि मंचेरियलच्या शेतकऱ्याच्या तोंडी तिचे नाव पावसाच्या खालोखाल येते.

प्राण्याला भिंत नाही आणि झाडाला आहे, याचा आणखी एक परिणाम मंचेरियलच्या जमिनीखाली आहे. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी तेथे दलदल होती आणि ग्लॉसोप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे होती. ती गाडली गेली, दबली आणि त्यांचा कोळसा झाला. म्हणजे सिंगरेणीचा कोळसा हा मुख्यतः वनस्पतिपेशींच्या भिंतींचा साठा आहे. लाकडाच्या भिंतीत सेल्युलोजबरोबर लिग्निन असते, ते सहजी कुजत नाही. कोळशाचा तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काही थरांत पेशींच्या पोकळ्या जशाच्या तशा दिसतात. फुलझाडे जन्मायच्या आधीचे त्या झाडांचे परागकणही त्यात सापडतात, कारण परागाचे कवच फार चिवट असते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले शास्त्रज्ञ अशा परागांवरून कोळशाचे थर ओळखतात. प्राणी तेव्हाही होते, पुढे तर याच खोऱ्यात डायनोसॉर फिरले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीला त्यांची हाडे मिळाली. पण हाडे म्हणजे पेशींच्या भोवती साठलेली खनिजे. त्यांच्या मऊ पेशींचा कोळसा होण्याइतका काही ऐवज शिल्लकच राहत नाही.

येथे रॉबर्ट हूकची आठवण होते. १६६५ साली त्याने बुचाचा काप पाहिला, त्यातल्या कोठड्यांना 'सेल' म्हटले, हे पाठ्यपुस्तकात आहे. त्याच ग्रंथात त्याने लाकडी कोळशाचा आणि दगड झालेल्या लाकडाचाही तुकडा पाहून त्यातली छिद्रे वर्णिली आहेत, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नव्हते. हूकने पाहिल्या त्या मेलेल्या, रिकाम्या भिंती. आत काय असते ते कळायला फार काळ गेला. रॉबर्ट ब्राऊनने केंद्रकाला नाव दिले ते १८३१ साली. श्लायडेन आणि श्वान यांनी झाडे आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात असे मांडले ते १८३८-३९ साली. जणू आधी घरांची भुई सापडली आणि पावणेदोनशे वर्षांनी माणसे.

आता रक्त. येथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

आपली तांबडी रक्तपेशी ही आकृतीतल्या प्राणिपेशीला मुळीच शोभत नाही. तिला केंद्रक नसते. अस्थिमज्जेत तयार होताना असते, पण बाहेर पडण्याआधी ती ते टाकून देते. बेडकाच्या नि कोंबडीच्या रक्तपेशीत केंद्रक असते; आपण सस्तन प्राण्यांनी काढून टाकले. तंतुकणिकाही नसतात. त्यामुळे प्राणवायू वाहणारी ही पेशी स्वतः प्राणवायू वापरीत नाही. हाती लाखोंची रोकड, आणि त्यातला एक पैसा स्वतःवर खर्च नाही. असा रोखपाल कोणत्या पेढीला मिळेल? आत मुख्यतः एकच माल भरलेला असतो, हिमोग्लोबिन, एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. बाहेर पडदा, तो इतका लवचीक की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून पेशी घडी घालून निघून जाते. केंद्रक नाही म्हणून दुरुस्ती नाही. सुमारे १२० दिवसांनी ती मोडीत निघते.

हिमोग्लोबिनची सूचना मज्जेतल्या पेशीच्या केंद्रकात लिहिलेली असते. त्यातल्या एका साखळीत १४६ मणी, म्हणजे अमिनो आम्ले, असतात. सिकल सेलमध्ये सहावा मणी बदललेला असतो, डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकाने. बाकी १४५ बरोबर. आमच्या सरांच्या भाषेत, मूळ चोपडीतली एक नोंद चुकली की प्रत्येक पावती चुकीचीच निघणार. हे बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देते तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब कांड्या होतात आणि पेशीला आतून ताणतात. भिंत नसलेली मऊ पेशी त्या कांड्यांपुढे वाकते आणि विळ्यासारखी होते. विळ्याला कन्नडात कुडगोल म्हणतात, तेलुगूत कोडवली. तिन्ही भाषांत हत्यार एकच. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि हाडे, सांधे, पोट दुखून माणूस लोळतो. या पेशी दहा-वीस दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. त्या मुलाच्या बहिणीचे डोळे पिवळे असतात, ती कामाला गेली की चार दिवस अंथरुणाला खिळते, आणि वस्तीवर तिला आळशी म्हणत, हे त्याने नंतर सांगितले.

पण चोपड्या दोन असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्हींत चूक असली तर 'एस एस', म्हणजे आजार. एकीत असली तर 'ए एस'. अशा माणसाच्या पेशीत चांगले हिमोग्लोबिन पुरेसे असते, पेशी सहसा वाकत नाही, आणि तो इतरांसारखाच राबतो, जगतो. एवढेच नव्हे, हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो, आणि 'ए एस' माणसाला जिवावर बेतणारा हिवताप होण्याची शक्यता कमी असते. अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत हे १९५४ साली दाखवून दिले. जंगलात, जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता, तेथे ही 'चूक' टिकून राहिली ती यामुळे. भारतात सिकल सेल प्रथम १९५२ साली निलगिरीत आढळला; पुढे मध्य भारताच्या साऱ्या पट्ट्यात, गोंड, कोलाम आणि इतर अनेक समाजांत तो असल्याचे दिसून आले. ज्या प्राचीन भूखंडावर कोळशाची ती झाडे वाढली, त्याला शास्त्रज्ञांनी गोंडांच्या मुलुखावरून 'गोंडवन' नाव दिले. जगभरच्या पुस्तकांत ते नाव छापले जाते, आणि त्या मुलुखातल्या मुलाला त्याच्या कार्डावरची दोन अक्षरे सांगणारा मिळतो तो माझ्यासारखा.

प्रश्न लग्नाचा होता. नवरा-बायको दोघेही 'ए एस' असतील, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहकाची, एक निर्दोष. येथे सांख्यिकी नीट समजून घ्यायला हवी: पहिली तीन मुले चांगली निपजली म्हणून चौथे आजारी असे नव्हे, प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते. पण एक 'ए एस' आणि दुसरा 'ए ए' असेल, तर निम्मी मुले वाहक होण्याची शक्यता, आजारी एकही नाही. म्हणजे त्याचे लग्न लांबवण्याचे काही कारणच नव्हते. मुलीचे कार्ड पाहायचे होते, एवढेच.

त्यासाठीची पहिली चाचणी अगदी साधी आणि स्वस्त आहे. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. त्यातले साबणासारखे द्रव्य पेशींचे पडदे फोडते, दुसरे द्रव्य प्राणवायू काढून घेते. दोषी हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागची अक्षरे दिसेनाशी होतात. 'ए एस' की 'एस एस' ते पुढच्या तपासणीत कळते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तीत सात कोटी लोकांची तपासणी करायची असे ठरले. कार्डे त्यातूनच वाटली जातात. आजार असलेल्यांसाठी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत, त्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात. त्याच वर्षाअखेर इंग्लंड-अमेरिकेत मज्जेतल्या पेशींच्या केंद्रकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली. अमेरिकेतली त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात. मामांच्या जिनिंगवर या रकमेची मी गासड्यांत मांडणी करून पाहिली आणि वही मिटली.

चौथ्या दिवशी तो मुलगा आला. बहिणीला दवाखान्यात नेले होते म्हणून आला नव्हता, माझ्या बोलण्यामुळे नव्हे. पण घरी त्याने माझे म्हणणे सांगितले होते, आणि त्याची आई दोन दिवस जेवली नव्हती. मी त्याला गोदामाच्या पायरीवर बसवले, खडूने फरशीवर दोन चोपड्या काढल्या, आणि आधी माझी चूक कबूल केली. मामेबहीण शेजारी उभी राहून तेलुगूत भर घालीत होती. त्याने सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला: "मग आईला नि बाबाला काहीच का होत नाही?" मी म्हटले, "ते दोघेही तुझ्यासारखेच आहेत." तो बराच वेळ फरशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आई म्हणते, बहिणीला कुणाची तरी नजर लागली. आज जाऊन सांगतो."

मुलीकडच्या गावात तपासणी व्हायची होती. त्याआधीच माझी सुट्टी संपली आणि मी सोलापूरला परतलो. संक्रांतीनंतर मामांचा फोन आला, त्यात भाव, ओलावा, पाऊस सगळे सांगून झाल्यावर शेवटी ते म्हणाले, "अरे, त्या पोराने निरोप दिलाय. मुलीच्या कार्डावर 'ए ए' आहे. लग्न उन्हाळ्यात." पत्रिका मलाही येणार आहे. नेमकी तेव्हा आमची विद्यापीठाची परीक्षा आहे.